शील्ड ज्वालामुखी १:५,००,००० मापात: ऑलिम्पस मॉन्सचे थर पूर्ण, हवाईचं काम सुरू

शील्ड, म्हणजे ढालीसारख्या पसरट ज्वालामुखींच्या पुठ्ठा-प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या या मालिकेत १ सेंमी म्हणजे ५ किमी, आडवं आणि उभं दोन्हीकडे तेच माप. उंची ताणायची नाही, यावर आम्ही ठाम आहोत. ४ अंशांचा उतार उभ्या दिशेने पाचपट ताणला की १९ अंशांचा होतो आणि शील्ड ज्वालामुखी कुठल्याही टोकदार डोंगरासारखा दिसायला लागतो. पातळ, वाहता बेसाल्ट लाव्हा लांबवर पसरत जाऊन हा आकार घडतो, तेव्हा पसरटपणा दिसलाच पाहिजे.

मापाचा अंदाज यावा म्हणून: लोणारचं विवर (ते उल्कापाताचं, पण खडक बेसाल्टच) साधारण साडेतीन मिमीचं होतं, चिखलदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम २ मिमी उंच, बुलढाणा ते गडचिरोली सरळ रेषेत ८० सेंमी. मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स १२० सेंमी रुंद आणि फक्त ४.४ सेंमी उंच. प्रत्यक्षात तो सुमारे ६०० किमी रुंद आणि २२ किमी उंच आहे. मंगळावर सरकणारी भूपट्टं नाहीत, त्यामुळे लाव्हा एकाच जागी साचत राहिला. शिवाय गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्केच.

८×४ फुटी प्लायचा अर्धा तुकडा (१२२ सेंमी) पायाला बरोबर पुरतो. जाडी १९ मिमी घ्या आणि खालून दोन आडव्या पट्ट्या ठोका. १२ मिमीचा प्लाय आपल्याकडच्या मे महिन्यात हमखास वाकतो.

समोच्चरेषा मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या लेसर उंचीमापनातून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्या. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. नकाशा नुसत्या अक्षांश-रेखांशात ठेवला तर या अक्षांशावर पूर्व-पश्चिम माप साडेपाच टक्के फुगतं, म्हणजे १२० चे १२६ सेंमी होतात आणि डोंगर प्लायबाहेर जातो. प्रोजेक्शनचा (गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचा) मध्य ज्वालामुखीवरच धरावा. दुसरा घोळ गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात: ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की प्रत्येक पान थोडं आक्रसतं आणि तुकडे जुळत नाहीत. प्रत्येक पानावर १० सेंमीची रेघ छापून पट्टीने तपासल्याशिवाय पुढचं पान काढू नका.

२ मिमीचा पुठ्ठा म्हणजे १ किमी, त्यामुळे २२ थर. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा चालत नाही. तो दाबला की जाडी बदलते आणि उंचीचा हिशेब बिघडतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालायचं नाही. पातळ थर पसरून, वर विटा ठेवून रात्रभर दाब द्यायचा. खालचे थर अखंड पुठ्ठ्यात बसत नाहीत, ते तुकड्यांनी जोडावे लागतात. दोन थरांचे सांधे एकाखाली एक आले तर भेग थेट वरपर्यंत जाते, म्हणून सांधे हातभर सरकवलेले बरे.

डोंगराभोवतीचा कडा हा सगळ्यात निगुतीचा भाग. काही ठिकाणी तो ८ किमीपर्यंत आहे, म्हणजे आठ थर काठाशी जवळजवळ एकावर एक. पण सगळीकडे तसा नाही. काही बाजूंना लाव्हा कड्यावरून खाली ओघळलेला आहे, तिथे उतार सलग ठेवायचा. गोलाकार एकसारखा कडा कापला की ओळखणाऱ्याला लगेच खटकतं. माथ्यावरचं विवर ६०×८० किमीचं, म्हणजे १२×१६ सेंमी. त्यात खचून तयार झालेले सहा खड्डे एकमेकांत घुसलेले आहेत. त्यांचे तळ वेगवेगळ्या पातळीला ठेवा.

पायऱ्या भरायच्या आधी पुठ्ठ्याला स्पिरिटमधला चपडा (लाखेचा रोगण) दोन हात द्या, नाहीतर पुठ्ठा प्लास्टरचं पाणी ओढून फुगतो. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग, पाणी एक भाग, एका वेळी वाटीभरच. पाण्याकडे खास लक्ष हवं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर मिठामुळे प्लास्टर झपाट्याने घट्ट होतं, पट्टी फिरवायला वेळच मिळत नाही. वाळल्यावर क्षारही पांढरे फुटतात, तेही काळ्या रंगावर. फिल्टरच्या कॅनचं पाणी घ्या. काळी माती लांबी (पुट्टी) म्हणून वापरायचा मोह टाळा. ती वाळताना आक्रसते आणि फाटते.

वरचा पोत गिट्टी खदानीतल्या चुरीचा. आपली चुरी ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे हवाईच्या खडकाची जवळची नातलग. (दख्खनचे थर मात्र मुख्यतः लांबलचक भेगांमधून आडवे पसरले, त्यांना शील्ड म्हणू नये.) चुरी वस्त्रगाळच हवी. १ मिमीचा खडा या मापात अर्ध्या किलोमीटरची शिळा होतो.

हवाईला १ मिमीचा पुठ्ठा, थर ५०० मीटरचा. मौना लोआ समुद्रावर ४,१७० मीटर, म्हणजे ८.३ मिमी, समुद्रतळापासून सुमारे ९ किमी, म्हणजे १८ मिमी. निम्म्याहून अधिक डोंगर पाण्याखाली. तिथे उतार जास्त असल्याने रेषा दाटीने येतात आणि धारदार कटर लागतो. मौना लोआ एकटा कापता येत नाही, किलाउआ त्याच्या आग्नेय अंगाला टेकलेला आहे. म्हणून अख्खं बेट घेतलं, मौना केआसकट. मध्याभोवती फिरणाऱ्या फर्म्याने ओलं प्लास्टर ओढून गोल आकार काढायची पद्धत इथे निरुपयोगी, कारण मौना लोआ दोन भेगपट्ट्यांवर लांबट वाढलेला आहे. गालापागोसच्या फर्नांदिनाला ती जमेल. उलट्या वाडग्यासारखा तो बराच गोल आहे, १,४७६ मीटर उंच, म्हणजे ३ मिमी. २७ नोव्हेंबर २०२२ ला मौना लोआतून निघालेला लाव्हा काही मीटर जाडीचा, तो या मापात उंचीने दाखवता येत नाही. तीन शून्य नंबरच्या ब्रशने फक्त रेघ ओढायची.

उजेड वरून टाकला तर सगळं सपाट दिसतं. एलईडी टॉर्च ५ ते १० अंशांवर, एका बाजूने. मग कडा, विवरांचे काठ, भेगपट्ट्या उठून येतात.

यानंतर मंगळावरचा अल्बा मॉन्स. तो सुमारे २,००० किमी पसरलेला आणि ६.८ किमी उंच, उतार अर्ध्या अंशाच्या आसपास. याच मापात तो ४ मीटर होईल, म्हणून त्याच्यापुरतं १:२५,००,००० घेतलं आहे: ८० सेंमी रुंदी, २.७ मिमी उंची, ०.३ मिमीच्या कार्डचे ९ थर. इतक्या पातळ थरांना फेव्हिकॉलची जाडीही मोजावी लागेल, त्यामुळे स्प्रेचा गोंद वापरून आधी ९ थरांची छोटी गड्डी करून कॅलिपरने मोजायची आहे.