ब चा म

माझ्या खोलीतलं सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे परळच्या फुटपाथवर घेतलेला छोटा आरसा. मी स्पीच थेरपिस्ट. दुभंगलेल्या टाळूची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा तो नाकाखाली धरून त्यांना 'पा पा पा' म्हणायला लावते. टाळू नीट मिटत असेल तर आरसा स्वच्छ राहतो. हवा नाकातून निसटत असेल तर वाफ धरते.

त्या 6 वर्षांच्या मुलापुढे आरसा पार पांढरा झाला. चौथ्या महिन्यात ओठ शिवलेला, वर्षाचा असताना टाळू. तरी टाळूला भोक राहिलं, दूध नाकातून यायचं, म्हणून साडेतीन वर्षांचा असताना ते बुजवलं. आता टाळू बंद होती, पण आखूड. घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. ब किंवा द म्हणताना नाकाची वाट बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली की ब चा म होतो, द चा न. दिव्याहून आलेले त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, सख्खा मुलगा मला रोज मामा बनवतो." आम्ही हसलो. तो हसला नाही.

चौथं ऑपरेशन ठरलं. घशाच्या मागच्या भिंतीचा पट्टा घेऊन टाळूला जोडायचा.

पुन्हापुन्हा येणारी मुलं मुरलेली असतात. 'काही दुखणार नाही हं बाळा' हे त्यांच्यापुढे चालत नाही. एकदा 9 वर्षांच्या मुलीच्या हिरडीत हाड भरायचं होतं. ते कंबरेच्या हाडातून काढतात. तोंडाचं सगळं समजावलं, कंबरेचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "कंबर का कापली?" घरी जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

म्हणून या मुलाला सगळं सांगितलं. घसा दुखेल, नाक चोंदेल, घोरशील, काही दिवस पेज आणि मऊ भात. त्याने मुकाट ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या जीभ दाबायच्या दोन पट्ट्या उचलल्या, माझा रबरबँड घेतला आणि त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाच्या कोपरांना बांधल्या.

"हात नका मांनू."

मागच्या वेळी तोंडात बोटं जाऊ नयेत म्हणून त्याच्या कोपरांना हात वाकू न देणारे स्प्लिंट बांधले होते. आई म्हणाली, नाकावरची माशीसुद्धा हाकलता यायची नाही, नुसता रडायचा.

मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, ऐकत असेल तर या वयात गरज नाही, पण बोट तोंडात गेलं तर बांधावे लागतील. हे जसंच्या तसं त्याला सांगितलं. त्याने बराच विचार केला.

"आणि झोपेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, "मी आहे ना, जागी राहीन."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले. स्वारी सुजलेल्या तोंडाने टक्क जागी. सलाइनचा हात उशीवर, दुसरा मांडीखाली घट्ट दाबलेला. आई भिंतीला टेकून गाढ झोपली होती.