मिक जीन तोच, शेजार बदलला

एमएस्सीला उंदराच्या बोन मॅरोचे क्रोमोसोम बघायचं प्रॅक्टिकल होतं. कोल्चिसिन देऊन पेशी विभागतानाच अडवायच्या, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायच्या, फिक्स करायच्या आणि मग हात उंच धरून थंडगार स्लाइडवर एकेक थेंब सोडायचा. गिम्सा हा रंग लावून बघितलं तर मायक्रोस्कोपखाली नुसत्या चाळीस हेअरपिना! माणसाचे क्रोमोसोम निदान कंबरेवरून तरी ओळखता येतात, उंदराचे सगळेच एका टोकाला चिमटलेले, त्यात १२ नंबरचा कुठला नि १५ चा कुठला, शपथ मला कळलं नव्हतं.

म्हणूनच १९७९ साली ज्यांनी ते ओळखून दाखवलं (सुसुमु ओहनो आणि स्टॉकहोमचा जॉर्ज क्लाइन यांचा ग्रुप) त्यांना मनोमन दंडवत. अमेरिकेत बेथेस्डाला मायकेल पॉटर बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पोटात मिनरल ऑइल, पुढे प्रिस्टेन नावाचं तेल टोचायचे आणि काही महिन्यांनी तिथे प्लाझ्मासायटोमा व्हायचा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचाच ट्यूमर. या ट्यूमरमधे ओहनो-क्लाइन यांना सारखी तीच भानगड दिसली, १५ नंबरचा तुकडा बहुतेक वेळा १२ वर जाऊन बसलेला, कधी ६ शी अदलाबदल. आता १२ वर अँटिबॉडीच्या हेवी चेनचे (मोठ्या साखळीचे) जीन असतात आणि ६ वर कप्पा लाइट चेनचे (लहान साखळीचे), म्हणजे हा योगायोग नव्हे.

१५ वरून काय येतं ते १९८२ ला कळलं, आणि एकाच वेळी बऱ्याच लॅबना कळलं, मेलबर्नचे जेरी अॅडम्स आणि सुझन कोरी त्यातलेच. तो होता मिक, पेशीला 'वाढ, विभाग' म्हणणारा जीन. मला वाटायचं ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारा जीन) म्हणजे बिघडलेलं प्रोटीन. पण इथे बहुतेकदा मिकचा पहिला एक्झॉन (जीनचा एक तुकडा) किंवा त्याच्या आसपासचा भाग तुटतो, प्रोटीनचा मजकूर ज्यात आहे ते दुसरा-तिसरा एक्झॉन शाबूत! फक्त घर गेलं गणपतीच्या मांडवाशेजारी, प्लाझ्मा पेशीत अँटिबॉडीचा जीन चोवीस तास वाजत असतो, मग मिकला कुठली झोप.

आणि तोडतं कोण? पेशी स्वतःच. अँटिबॉडीचा क्लास (प्रकार) बदलायला एड (AID) नावाचं एन्झाइम मुद्दाम डीएनए कापायची सुरुवात करून देतं आणि कधीतरी ती टोकं भलत्याशीच जोडली जातात. माणसात बर्किट लिम्फोमा या कॅन्सरमधे ८ आणि १४ नंबरच्या क्रोमोसोमची हीच गोष्ट.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचंच. हा १२-१५ चा जोड ट्यूमर नसलेल्या उंदरांतही तुरळक पेशींत सापडतो. म्हणजे नुसता जोड पुरत नाही. पोटातल्या तेलाची धुमसती सूज लागते, तिच्यातून येणारं इंटरल्युकिन-६ (पेशींना निरोप देणारं प्रोटीन) लागतं (त्याचा जीन काढून टाकला तर बाल्ब-सी उंदरांना तेल टोचूनही हे ट्यूमर होत नाहीत), आणि उंदराची जातही लागते, कारण तेच तेल डीबीए-२ या दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पोटात घातलं तर तो बहुधा पचवून मोकळा.