शेण, दूध आणि रक्त : म्हशींची संप्रेरके मोजताना

उन्हाळ्यात म्हशी माजावर येत नाहीत, ही तक्रार कोल्हापूर-सांगलीकडच्या पशुवैद्यकांना नवी नाही. म्हशीची कातडी काळी असते, घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी असतात आणि डुंबायला पाणी नसेल तर अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे तिचे मार्ग लवकर संपतात. पदव्युत्तर संशोधनासाठी मी पंढरपुरी म्हशींमधला उन्हाचा ताण आणि माजाचे चक्र यांचा संबंध हा विषय घेतला. आराखडा सरळ होता : ताणासाठी कॉर्टिसॉल आणि प्रजननासाठी प्रोजेस्टेरॉन मोजायचे, दोन्हींसाठी मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचे आणि एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने, रंगावरून संप्रेरक मोजणारी चाचणी) करायची. प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत या आराखड्यातले रक्त बहुतेक वगळले गेले आणि ताणाचे मापन शेणावर, तर माजाचे मापन दुधावर आले.

पहिला आक्षेप माझ्या मार्गदर्शक सरांचा होता. तुम्ही मोजणार आहात तो ताण उन्हाचा की तुमच्या सुईचा, असे त्यांनी विचारले. जनावर घाबरले की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक सुटते, ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला चेतवते आणि दोन-तीन मिनिटांत रक्तातले कॉर्टिसॉल चढू लागते. महाविद्यालयाच्या गोठ्यातली, रोज माणसांच्या हाताखालून जाणारी म्हैस खोड्यात निमूट उभी राहते, म्हणून तिचे रक्त त्या मुदतीत काढता येते. गावातल्या म्हशीला मात्र आधी अनोळखी माणसाचा वास येतो, मग मोरकी आवळली जाते, दोघे जण मान धरतात आणि त्यानंतर सुई टोचली जाते. अशा नमुन्यातला आकडा आमच्या येण्याचा हिशेब सांगतो. शिवाय कॉर्टिसॉल रक्तात सलग पाझरत नाही, ते लाटांनी येते, त्यामुळे शांत जनावराचेही दोन नमुने अर्ध्या तासाच्या अंतराने घेतले तर ते जुळतीलच असे नसते.

शेतकऱ्यांना ही गोष्ट त्यांच्या पद्धतीने ठाऊक असते. परका माणूस दावणीपाशी उभा राहिला की म्हैस पान्हा चोरते, कारण भीतीने सुटणारे ॲड्रेनालिन दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम अडवते आणि कासेत दूध असूनही धार लागत नाही. एका मामांनी मला पहिल्याच सकाळी स्वच्छ सांगितले, "डॉक्टरबाई, दूध घ्या, शेण घ्या, पण रक्त काढू नका, म्हैस आटंल." रक्ताच्या एका नळीने म्हैस आटत नाही, हे खरे, पण त्या सकाळी तिचे दूध कमी निघाले असते, हेही तितकेच खरे होते.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी असलेल्या संस्थात्मक नैतिकता समितीकडे प्रस्ताव ‘बी’ नमुन्यात द्यावा लागतो. तिथेही वारंवार रक्त का घ्यायचे, याचे समर्थन मागितले गेले. तोवर मला स्वतःलाच ते पटेनासे झाले होते, म्हणून सुधारित प्रस्तावात रक्त आणि एसीटीएच टोचून करायची चाचणी फक्त महाविद्यालयाच्या गोठ्यातल्या मोजक्या म्हशींपुरती ठेवली आणि गावातल्या म्हशींचे दूध व शेण मालकांच्या लेखी संमतीने घ्यायचे ठरवले. मंजुरीला वेळ लागला, पण तो या कामात लागतोच.

शेणातून ताण मोजायचा म्हणजे काय, हे समजावून सांगताना गावात हशा होई. त्यामागची क्रिया अशी : रक्तातल्या कॉर्टिसॉलचे यकृतात विघटन होते, त्याचे तुकडे पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शेणातून बाहेर पडतात. एका क्षणाची भीती त्यात विरून जाते आणि काही तासांची बेरीज हाती लागते. गाईगुरांमध्ये हा प्रवास साधारण १० ते १२ तासांचा असतो, म्हणून दुपारी दोनच्या उन्हाचा परिणाम मध्यरात्रीनंतरच्या आणि पहाटेच्या शेणात शोधावा लागतो. माझी सगळी वेळापत्रके या एका गोष्टीने उलटीपालटी केली. दुपारी गोठ्यात हवेचे तापमान आणि आर्द्रता नोंदवायची, त्यावरून तापमान-आर्द्रता निर्देशांक काढायचा (दुभत्या गाईंसाठी ७२ च्या वर ताण धरतात) आणि पहाटे, धारांच्या आधी, त्याच गोठ्यात म्हशींच्या मागे थांबायचे. शेण पडल्यावर लगेच, मूत्र मिसळण्याआधी, वेगवेगळ्या जागांतून थोडे थोडे उचलून एकत्र करायचे, पिशवीवर म्हशीचा क्रमांक आणि वेळ लिहायची आणि पिशवी बर्फाच्या पेटीत टाकायची. शेण उघड्यावर राहिले तर त्यातले जिवाणू त्या तुकड्यांची आणखी मोडतोड करतात आणि आकडा वर-खाली होतो, म्हणून नमुने लवकरात लवकर उणे २० अंशांवर गोठवणे भाग होते.

यातली खरी अडचण किटची होती. बाजारात सहज मिळणारे कॉर्टिसॉलचे किट माणसाच्या रक्तद्रवासाठी बनवलेले असते आणि गाईगुरांच्या शेणात मूळ स्वरूपातले कॉर्टिसॉल जवळपास नसतेच. तरीही असे किट शेणाच्या अर्कावर लावले की यंत्र काहीतरी आकडा देते, आणि हीच त्यातली सर्वांत धोकादायक बाब आहे असे माझे मत आहे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात म्योस्टल आणि पाल्मे यांच्या गटाने रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी ११,१७-डायऑक्सोअँड्रोस्टेन या विघटित तुकड्यांचा गट ओळखणारी चाचणी विकसित केली आहे. आम्ही त्याच धर्तीची चाचणी वापरली. अर्क काढण्याची रीत साधी आहे : अर्धा ग्रॅम ओले शेण, ८० टक्के मिथेनॉल ५ मिलिलिटर, जोरात हलवणे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा नितळ भाग घेणे आणि तो पातळ करणे. दिवसभर शेण आणि मिथेनॉल यांच्या वासात बसावे लागते, याला मात्र इलाज नाही.

गाईसाठी सिद्ध झालेली चाचणी म्हशीला लागू होते, असे गृहीत धरून चालत नाही. म्हणून महाविद्यालयातल्या म्हशींना कृत्रिम एसीटीएच टोचले आणि पुढे दीड दिवस जे शेण पडेल ते वेळेसह गोळा केले. ग्रंथी चेतवल्यानंतर ठरावीक उशिराने शेणातला आकडा चढला आणि मग उतरला, तरच आपण ताणाशी संबंधित काही मोजतो आहोत असे म्हणता येते. आमच्या म्हशींमध्ये ही चढ-उतार स्पष्ट दिसली आणि गावातल्या नमुन्यांना हात लावायला आम्ही मोकळे झालो.

दुधाचे काम मला सर्वांत आवडले, कारण त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे होते. माजानंतर बीजकोषावर पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. चक्र सुमारे २१ दिवसांचे असते, त्यातले मधले दिवस प्रोजेस्टेरॉन चढलेले राहते आणि पुढच्या माजाच्या आधी ते झपाट्याने कोसळते. रक्तद्रवात मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पीतपिंड काम करतो आहे, असे सर्वसाधारणपणे मानतात. हे संप्रेरक स्निग्धात विरघळणारे असल्याने दुधात ते रक्ताहून जास्त सापडते, पण त्याच कारणाने नमुना धारेच्या कोणत्या टप्प्यावर घेतला, याला फार महत्त्व येते. पहिल्या धारा पातळ असतात आणि शेवटच्या धारांत लोणी जास्त असते. एका दिवशी पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या धारांचे दूध घेतले तर म्हशीत काहीही न बदलता आकडा बदलतो. यासाठी संपूर्ण धार काढून झाल्यावर बादलीतले दूध ढवळून नमुना घ्यायचा, असा नियम केला. धार काढणाऱ्या बायकांनीच हा नियम इतका नीट पाळला की पुढे पुढे परिरक्षकाची गोळी घातलेल्या, तारीख लिहिलेल्या बाटल्या मला तयारच मिळत.

आठवड्यातून दोनदा घेतलेल्या या नमुन्यांचे आलेख मांडल्यावर जे दिसले, त्याने माझ्या मूळ प्रश्नाचाच आकार बदलला. "माजावर येतच नाही" म्हणून नोंदवलेल्या काही म्हशींचे प्रोजेस्टेरॉन ठरावीक अंतराने चढत आणि कोसळत होते. त्यांचे चक्र चालू होते, पण माज मुका होता. उन्हाळ्यात म्हैस रात्री किंवा पहाटे, थोडाच वेळ माज दाखवते, हंबरत नाही, सोटही (योनीतून येणारा चिकट स्राव) कमी टाकते आणि मालक तेव्हा झोपलेला असतो. दुसऱ्या काही म्हशींची रेघ मात्र आठवडेच्या आठवडे तळाशीच राहिली. त्यांचे बीजकोष खरोखर थंडावले होते. पहिल्या गटाला पहाटेची पाहणी आणि वेळेवर रेतन लागते, दुसऱ्याला सावली, पाणी, हिरवी वैरण, खनिज मिश्रण आणि मग औषधोपचार. गोठ्यात उभे राहून हे दोन गट वेगळे ओळखता येत नव्हते. रेतन झालेल्या म्हशींच्या मालकांनी २१ दिवसांनंतरच्या दुधावरून गाभण असल्याचे सांगा, असा आग्रह धरला तेव्हा मात्र मी अर्धेच उत्तर देत असे : आकडा तळाशी असेल तर म्हैस गाभण नाही हे बहुधा पक्के, पण आकडा चढलेला असेल तर ती गाभण असेलच असे नाही.

प्रयोगशाळेतला भाग चिकाटीचा होता. या एलायझामध्ये नमुन्यातले संप्रेरक आणि किटमधले रंग देणारे संप्रेरक प्रतिपिंडावरच्या त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, म्हणून संप्रेरक जितके जास्त तितका रंग कमी. ४५० नॅनोमीटरवर वाचन होते. प्लेटमध्ये ९६ खळगे असले तरी प्रत्येक नमुना जोडीने लावायचा, शिवाय ज्ञात प्रमाणांचे सात द्रव, दोन नियंत्रक आणि एक कोरी जोडी, त्यामुळे प्रत्यक्षात ३८ नमुनेच बसतात. किट महाग असल्याने प्लेट भरेपर्यंत थांबावे लागते आणि शेतकरी रोज निकाल विचारतो. पहिल्या प्लेटच्या आधी मी अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करून त्याची रेघ प्रमाण-द्रवांच्या रेघेला समांतर जाते का, हे तपासले. ती समांतर नसेल तर शेणातले किंवा दुधातले इतर घटक चाचणीत ढवळाढवळ करीत आहेत, असे समजावे. एककांचेही भान ठेवावे लागले. प्रोजेस्टेरॉनचा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर, आणि युरोपातले निबंध बहुधा दुसऱ्या एककात लिहिलेले असतात.

महाविद्यालयातल्या म्हशींचे जे थोडे रक्त घेतले, त्याच्या नळ्या बर्फात ठेवून लगेच फिरवाव्या लागत, कारण गाईगुरांच्या लाल पेशी प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर करीत राहतात आणि साध्या तापमानाला पडून राहिलेल्या रक्तातला आकडा आपोआप उतरतो. गावातून तालुक्यापर्यंत दुचाकीवर येणाऱ्या नमुन्यासाठी ही अट पाळणे अवघडच होते.

ताणाच्या आकड्यांनी मला बराच काळ बुचकळ्यात टाकले. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या उष्ण दिवसांनंतर शेणातले विघटित तुकडे चढले. मात्र मे महिन्यात, म्हशी सर्वांत जास्त धापा टाकत असताना, ते पुन्हा खाली आले होते. उष्णता दीर्घकाळ टिकली की अधिवृक्क ग्रंथीचा प्रतिसाद मंदावतो, कारण कॉर्टिसॉल शरीरात उष्णता निर्माण करणाऱ्या चयापचयाला हातभार लावते आणि जनावर जुळवून घेताना ते आवरते, असे स्पष्टीकरण गाईंवरच्या अभ्यासांत आढळते. त्यामुळे उतरलेला आकडा म्हणजे म्हैस सुखात आहे, असा अर्थ लावता येत नव्हता. अखेर शेणाच्या आकड्याशेजारी श्वासांची मिनिटागणिक संख्या, गुदद्वाराचे तापमान आणि दुधाचे माप या नोंदी ठेवल्या, आणि प्रबंधातले ताणाचे सगळे निष्कर्ष या चारही नोंदी एकत्र वाचून काढले.

उरलेले मिथेनॉलमधले अर्क गोठवून ठेवले आहेत. माझ्यानंतरच्या विद्यार्थिनीला दुपारी पाण्याचे फवारे मारलेल्या आणि न मारलेल्या म्हशींची तुलना करायची आहे. तिच्या वेळापत्रकातही फवारे दुपारी दोनला आणि शेण पहाटेला, असेच लिहिलेले आहे.