आमची वाटचाल : मखमलीची लव

मी आणि माझी जाऊ, दोघींनी एका खोलीत दोन मशिनांवर हा शिवणकामाचा व्यवसाय सुरू केला. पहिली काही वर्षं ब्लाउज, फ्रॉक, उशांचे अभ्रे, फॉल-पिको असंच काम होतं. हळूहळू पडद्यांची कामं येऊ लागली, हाताखाली मुली आल्या. ते सगळं सावकाश सांगत बसत नाही. आमचा व्यवसाय खऱ्या अर्थानं जिथं वळला, ते काम म्हणजे एका प्रार्थनागृहाचे मखमली पडदे.

दोन पडदे, प्रत्येकी चार मीटर उंच. एका पडद्याला तीन पन्हे, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचे तीन उभे तुकडे, शेजारी शेजारी जोडायचे. कापड एका कुटुंबानं आईच्या आठवणीसाठी दिलेलं, गर्द जांभळं. त्याच वेळी एकत्र रंगवलेलं, अगदी तशाच रंगाचं कापड पुन्हा मिळणार नव्हतं, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं.

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर हाताला अडते. लवेचा रोख खाली असेल तर कापड थोडं फिकं, चमकदार दिसतं. वर असेल तर तेच कापड गडद दिसतं. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं लावायचे, हा पहिला धडा. मला तो पाठ होता. पण कापताना टेबल अपुरं पडलं, मी मधला पन्हा फिरवून घेतला आणि मागे खडूनं बाण काढायचा राहिला. घाई होती. तारीख मीच जवळची देऊन बसले होते.

शिवतानाही मखमलीनं परीक्षा पाहिली. लवेवर लव आली की दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात. टाचण्या लावून शिवलं तरी चार मीटरच्या शेवटी वरचा थर तीन बोटं पुढे आलेला. मग शिवणीच्या दोन्ही अंगांना धावदोरा घातला, मशिनचा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी, तिचा दाब कमी केला, 14 नंबरची सुई घातली, टाका 3 मिमीचा ठेवला आणि लवेच्या दिशेनं सावकाश चालवलं. तेव्हा कुठे कडा जुळल्या. मखमल उलट्या बाजूनं शिवावी लागते. सुलट बाजू आत असते, ती शेवटी उलगडल्यावरच दिसते.

उलगडून भिंतीवर टाचली. खिडकीतून तिरपा उजेड आला आणि एका पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गडद पट्टा दिसला. दुसरा पडदा निर्दोष होता. जाऊ काही बोलली नाही. तिनं फक्त माझा हात धरून त्या पट्ट्यावरून फिरवला. अडला.

त्या रात्री मी देवापुढे बसले आणि मागितलं, की हे कुणाच्या लक्षात न येवो. प्रार्थनागृहात उजेड कमी असतो, माणसं डोळे मिटून बसतात, असं काय काय मनाशी जुळवत होते. आणि मग मलाच कसंतरी झालं. देवापुढे लावायच्या पडद्यातली चूक देवानंच लपवावी, हे मागणं तोंडातून निघालं कसं? बराच वेळ तशीच बसले. शेवटी एवढंच म्हटलं, सकाळी फोन करायचं बळ दे.

सकाळी फोन केला. चूक माझी आहे, कापड वाया जाऊ देणार नाही, पण दिलेली तारीख पाळता येणार नाही, असं सरळ सांगितलं. ते गृहस्थ क्षणभर थांबले. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. सावकाश करा."

मग उसवणं. दोन शिवणी मिळून आठ मीटर, टाका 3 मिमीचा, म्हणजे अडीच हजारांहून जास्त टाके. ओढून उसवलं तर लव उपटते, म्हणून मागच्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका कापून दोरा अलगद काढायचा. दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून तेच केलं. वरची पट्टी, अस्तर आणि खालची दुमड अजून बाकी होती, ही देवाची कृपाच. मधला पन्हा वरचं टोक खाली येईल असा फिरवला, नवी शिवण जुन्या भोकांच्या किंचित आत घेतली, म्हणजे भोकं शिवणीमागे दुमडल्या जाणाऱ्या कडेत गेली. लव दबलेल्या जागी सुलटी बाजू मखमलीच्याच तुकड्यावर पालथी ठेवून मागून नुसती वाफ दिली. इस्त्री टेकवायची नाही. वाफेनं लव पुन्हा उभी राहते, मऊ ब्रशनं ती बसवायची.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाले. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूचा बाण. तारीख देताना उसवण्याचे दोन दिवस आधीच धरायचे. मोठं काम एक रात्र टांगून, सकाळच्या उजेडात बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. चूक झाली तर गिऱ्हाइकाला पहिला फोन आमचा. यात कामं थोडी कमी घेतली जातात, ते मला मान्य आहे.

त्या जांभळ्या मखमलीचा वीतभर तुकडा ज्यांचा होता त्यांनी आम्हालाच ठेवायला दिला. मागे खडूचा बाण आहे, तो पुसट झाला की आम्ही पुन्हा काढतो. नवी मुलगी कामाला आली की जाऊ तिच्या हातात तो देते, डोळे मिटायला सांगते आणि विचारते, लव कुठल्या बाजूला?