भिंतीवरची सहा बटणे

बडोद्यात मांजलपूरला आम्ही बांधलेल्या घरात एकाही खोलीच्या दाराशी नेहमीचा स्विचबोर्ड नाही. त्या जागी चार किंवा सहा बटणांचे कीपॅड आहेत आणि त्यांच्यापासून कोणत्याही दिव्याकडे थेट तार जात नाही. प्रत्येक दिव्याची २३० व्होल्टची तार जिन्याखालच्या पॅनेलपर्यंत येते आणि तिथल्या रिलेला (चालू-बंद करणाऱ्या खटक्याला) किंवा डिमरला (उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला) जोडली जाते. कीपॅडकडे येते ती फक्त हिरव्या आवरणाची बारीक केबल. तिच्यातल्या लाल-काळ्या जोडीवरून सुमारे ३० व्होल्टचा डीसी पुरवठा आणि संदेश दोन्ही वाहतात, तर पिवळी-पांढरी जोडी राखीव राहते. ही केएनएक्स पद्धत. बटण दाबले की कीपॅड या केबलवर, म्हणजे बसवर, एक छोटा संदेश सोडतो आणि ज्या उपकरणाला तो लागू असेल ते उपकरण तो उचलते. त्यामुळे कोणते बटण कोणत्या दिव्याचे, हे इलेक्ट्रिशियनची तार ठरवत नाही. संगणकावरून भरलेली माहिती ठरवते. ही माहिती भरण्याचे काम मी स्वतः केले.

ज्यांच्याकडून यंत्रणा घेतली, त्यांनी पॅनेल व्यवस्थित बांधून दिले होते; परंतु बटणांची मांडणी त्यांच्या ठरावीक साच्यातली होती आणि पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे लागणार होते. पॉलिटेक्निकमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात माझी नोकरी झाली असल्याने ही माहिती भरण्याचे ईटीएस नावाचे सॉफ्टवेअर घेऊन हे काम आपण शिकावे, असे मी ठरवले. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रकल्पाची मूळ फाइल आणि तिचा पासवर्ड मागून घेतला, हे फार बरे झाले. ती फाइल हातात नसेल तर भिंतीवरची उपकरणे वाचून मूळ रचना जशीच्या तशी परत मिळत नाही आणि जवळजवळ सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. ही पद्धत घेणाऱ्या प्रत्येकाने ही अट करारातच लिहून घ्यावी.

संगणक उघडण्याआधी मी प्रत्येक खोलीसाठी एक कागद घेतला आणि कीपॅडचे चित्र काढून बटणांसमोर कामे लिहिली. हा भाग सर्वांत जास्त वेळ खाणारा होता आणि तो खाऊ द्यावा, असे माझे मत आहे. सहा बटणे आहेत म्हणून सहाही भरलीच पाहिजेत, असा मोह होतो. प्रत्येक बटणाला लहान दाबाचे एक आणि दीर्घ दाबाचे दुसरे काम देता येते, म्हणजे कागदावर बारा कामे बसतात. परंतु ऐंशी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई याच घरात राहतात. बटण दाबल्यावर ते ‘लागले’ अशी खात्री होईपर्यंत त्या बोट उचलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक दाब दीर्घच असतो. म्हणून त्यांच्या खोलीत आणि देवघरात एका बटणाला एकच काम ठेवले आणि दीर्घ दाब पूर्ण बंद केला. देवघराच्या चार बटणांपैकी दोनच वापरात आहेत, उरलेल्या दोन बटणांना काहीही जोडलेले नाही. पंख्यांचा वेग मात्र कीपॅडवर आणलाच नाही. शयनगृहांत पलंगाजवळ साधा फिरवायचा रेग्युलेटर ठेवला, कारण झोपेत पंखा एक घर कमी करायचा असेल तर हाताला खटका लागणे, हीच खरी सोय आहे. यंत्रणा विकणाऱ्यांना हे पटले नाही, घरच्यांना पटले.

खोलीची सर्वांत जास्त वापरातली बटणे कुठे असावीत, याचाही एक नियम करून घेतला. दारातून आत येताना हात जिथे पडतो, ते वरचे डावे बटण प्रत्येक खोलीत मुख्य दिव्याचे आणि खालचे उजवे बटण ‘खोली बंद’चे. हा नियम एकाही खोलीत मोडला नाही. त्यामुळे पाहुणा पहिल्यांदा आला तरी अंधारात चाचपडत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करताना आधी प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो. तो १.१.७ अशा तीन भागांचा असतो आणि तो सॉफ्टवेअरमधून उपकरणात उतरवताना त्या कीपॅडचे प्रोग्रॅमिंग बटण दाबावे लागते, म्हणजे त्याचा लाल दिवा लागतो आणि सॉफ्टवेअरला उपकरण ओळखू येते. आमच्या कीपॅडमध्ये हे बटण पुढची पट्टी काढल्यावर आत दिसते. एरवी त्याला कोणाचा हात लागत नाही, हे योग्यच आहे. दिलेला क्रमांक त्याच कीपॅडवर मार्करने मागच्या बाजूला लिहून ठेवला.

यानंतर ग्रुप ॲड्रेस. केएनएक्समध्ये बटण दिव्याला थेट हाक मारत नाही; ते १/०/१२ अशा एका सामायिक पत्त्यावर संदेश टाकते आणि त्या पत्त्याशी बांधलेली सगळी उपकरणे तो ऐकतात. पहिला आकडा मजल्याचा, मधला कामाच्या प्रकाराचा आणि शेवटचा दिव्याचा, अशी रचना मी केली. मधल्या आकड्यात शून्य म्हणजे चालू-बंद, एक म्हणजे उजेड कमी-जास्त, दोन म्हणजे टक्केवारीत नेमका उजेड आणि चार म्हणजे दिव्याकडून परत येणारी स्थिती. दिव्याचा शेवटचा आकडा सगळीकडे तोच ठेवला. दिवाणखान्याच्या झुंबराचा चालू-बंदचा पत्ता १/०/१२ असेल, तर त्याची स्थिती १/४/१२ वरच मिळणार. तक्ता न पाहता पत्ता सांगता येतो आणि चुकीची जोडणी नजरेत भरते.

स्थितीचा हा पत्ता नीट जोडला नाही, तर कीपॅड चिडचिड होईल असा वागतो, आणि मूळच्या साच्यात नेमके तेच राहून गेले होते. एकच बटण एकदा दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद, अशी आमची सवय असते. हे जमण्यासाठी कीपॅडला दिवा आत्ता चालू आहे की बंद, हे माहीत असावे लागते. साध्या जोडणीत कीपॅड स्वतः शेवटी काय पाठवले तेवढेच लक्षात ठेवतो. त्याच दिव्याचे बटण दुसऱ्या कीपॅडवर असेल आणि दोघांचा पत्ता एकच असेल, तर अडचण येत नाही, कारण एकाचा संदेश दुसराही ऐकतो. परंतु मुख्य दाराजवळच्या ‘सगळे बंद’ने किंवा एखाद्या सीनने, म्हणजे अनेक दिवे एकदम बदलणाऱ्या बटणाने, दिवा विझवला, तर तो हुकूम वेगळ्या पत्त्यावरून गेलेला असतो. दिवा विझतो, पण खोलीतला कीपॅड अजून तो चालूच समजतो. मग रात्री खोलीत आल्यावर पहिला दाब वाया जातो, कारण तो ‘बंद’ असे पाठवतो, आणि दुसऱ्या दाबाला दिवा लागतो. घरातल्यांनी याला ‘बटण खराब आहे’ असे नाव दिले होते. बटणात काहीच बिघाड नव्हता.

उपाय असा. पॅनेलमधल्या ॲक्च्युएटरच्या, म्हणजे रिले किंवा डिमर असलेल्या उपकरणाच्या, प्रत्येक वाहिनीला (एका दिव्याच्या जोडणीला) स्वतःची स्थिती बसवर पाठवण्याची सोय असते; ती सेटिंगमध्ये ‘बदल झाल्यावर पाठवा’ अशी सुरू करायची. मग तो १/४/१२ पत्ता कीपॅडच्या चालू-बंदच्या ऑब्जेक्टला (सॉफ्टवेअरमध्ये पत्ते जोडायची जागा) दुसरा पत्ता म्हणून जोडायचा. येथे क्रमाला महत्त्व आहे. एका ऑब्जेक्टला ऐकण्यासाठी अनेक पत्ते जोडता येतात, पण तो पाठवतो फक्त पहिल्यावर. स्थितीचा पत्ता पहिला पडला तर बटण दाबून काहीच घडत नाही. बटणाच्या बाजूचा छोटा सूचक दिवाही चालू-बंदच्या पत्त्याला न बांधता स्थितीच्या पत्त्यालाच बांधायचा, म्हणजे तो आपण काय मागितले ते न दाखवता पॅनेलमध्ये काय झाले ते दाखवतो. याशिवाय स्थितीच्या ऑब्जेक्टवर वाचू देण्याचा झेंडा (सेटिंगमधली खूण) आणि कीपॅडच्या सूचक दिव्याच्या ऑब्जेक्टवर सुरुवातीला विचारून घेण्याचा झेंडा लावावा लागतो. तसे केले की बसचा पुरवठा जाऊन आला तरी सूचक दिवे स्वतःहून चौकशी करून बरोबर होतात.

हे तपासायला सॉफ्टवेअरमधला ग्रुप मॉनिटर फार उपयोगी पडला. लॅपटॉप पॅनेलजवळ ठेवायचा, सूनबाईंनी वरच्या खोलीत बटण दाबायचे आणि पडद्यावर कोणत्या क्रमांकाच्या कीपॅडने कोणत्या पत्त्यावर काय पाठवले, त्यावर कोणाचे उत्तर आले, हे ओळीने वाचायचे. हुकूम गेला आणि उत्तर आले नाही, तर दोष ॲक्च्युएटरच्या बाजूला. हुकूमच दिसला नाही, तर कीपॅडच्या बाजूला. हे पाहिल्याशिवाय सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

एक मर्यादा मात्र सगळ्यांना समजावून सांगावी लागली. सूचक दिवा रिलेची स्थिती दाखवतो, बल्बची नाही. बल्ब उडाला असला तरी सूचक लागलेलाच राहतो. सासूबाई आता त्यावरूनच ‘बटण लागलेय, उजेड नाही, म्हणजे बल्ब गेला’ असे निदान करतात आणि ते बरोबर निघते.

सीनच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सीन म्हणजे एका दाबात अनेक दिवे ठरलेल्या उजेडावर नेणे. त्याचा क्रमांक बसवर ० ते ६३ असा जातो, परंतु बहुतेक उपकरणांच्या सेटिंगमध्ये तो १ ते ६४ असा दिसतो. मॉनिटरमध्ये एकाने कमी आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अनेक कीपॅडवर सीनचे बटण दीर्घ दाबले की त्या क्षणी दिवे जसे असतील तसा सीन नव्याने साठवला जातो. हॉटेलच्या सभागृहात ही सोय असेल. घरात ती नसावी. कोणीतरी बटण दाबून धरते आणि ‘जेवण’ या सीनचा उजेड दुसऱ्या दिवशीपासून भलताच होतो. मी साठवण्याची परवानगी सगळीकडून काढून टाकली. उजेड कमी-जास्त करणे दीर्घ दाबावर ठेवले, पण फक्त दिवाणखान्यात आणि आमच्या खोलीत, आणि दीर्घ दाब कशाला म्हणायचे त्याची वेळही मूळच्यापेक्षा वाढवली.

मुख्य दारालगतच्या ‘बाहेर’ बटणावर, म्हणजे ‘सगळे बंद’चा हुकूम देणाऱ्या बटणावर, सर्वांत जास्त चर्चा झाली. बडोद्यात नवरात्रात रात्री गरब्याला जाताना सगळे एकदम बाहेर पडतात आणि वर कोणता दिवा राहिला, हे पाहायला कोणी थांबत नाही. त्या वेळी हे बटण खरे उपयोगी. पण सासूबाई घरी असतात. त्यामुळे त्यांची खोली, देवघर आणि जिना हे तिन्ही ‘सगळे बंद’च्या पत्त्याला जोडलेलेच नाहीत. हे बटण साध्या दाबाने काही करत नाही, दोन सेकंद दाबून धरावे लागते. दीर्घ दाब मी इथे मुद्दाम ठेवला, कारण चपला घालताना धक्का लागून घर अंधारात जाऊ नये.

गणपतीत आणखी एक गरज उभी राहते. मखरावरचे दिवे दिवाणखान्याच्या एका वाहिनीवर असतात आणि ते गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत कोणाच्याही बटणाने विझता कामा नयेत. त्यासाठी ॲक्च्युएटरमधली लॉकची सोय वापरली. लॉक लावल्यावर ती वाहिनी कोणताही हुकूम मानत नाही, ‘बाहेर’सुद्धा नाही. हे लॉकचे बटण पॅनेलजवळच्या कीपॅडवर आहे आणि ते लागलेले असताना त्याचा सूचक तांबडा असतो. लॉक काढल्यावर वाहिनीने काय करावे, तेही सेटिंगमध्ये सांगावे लागते. मी ‘जशी आहे तशी राहा’ असे ठेवले.

वीज जाण्याचा विचार मात्र पॅनेल बांधतानाच व्हायला हवा. बसचा पुरवठा इन्व्हर्टरवर नसेल, तर वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरचे दिवेही बटणाने लावता येत नाहीत. आमचा पुरवठा इलेक्ट्रिशियनने मुख्य लाइनवर घेतला होता. ‘बेन, एवढ्याशा डब्याला इन्व्हर्टर कशाला?’ असे त्याचे म्हणणे होते. एकदा मुख्य लाइन बंद करून त्यालाच जिन्यातला दिवा लावायला सांगितले, मग त्याने ती जोडणी तिथल्या तिथे बदलून दिली.

काम पूर्ण झाल्यावर बटणांवरच्या पट्ट्या मराठीत छापून घेतल्या, शयनगृहांतल्या सूचकांचा उजेड रात्रीपुरता कमी केला आणि ग्रुप ॲड्रेसचा छापील तक्ता पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. फाइलची एक प्रत पुण्याला मुलाच्या संगणकावर आहे. अलीकडे भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला, तेव्हा वरच्या खोलीतले अभ्यासाच्या दिव्याचे बटण दारापासून टेबलाजवळच्या कीपॅडवर हलवावे लागले. फाइल उघडून जोडणी बदलली आणि त्या दोन कीपॅडपुरतीच नवी माहिती उतरवली. पुढचे बदल तोच करणार आहे. बदल करण्याआधी फाइल नव्या तारखेच्या नावाने साठवायची आणि जुनी पुसायची नाही, असे त्याला सांगून ठेवले आहे.