तोंडावरचा रुमाल

21 एप्रिल 2025, ईस्टरचा दुसरा दिवस, रात्र

काल पहाटे साडेचारला उठलो आणि आईला घेऊन कबरस्तानात गेलो. आमच्या नगरकडच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, ईस्टरची पहिली उपासना तिथेच होते, अंधारात. आदल्या दिवशीच कबरी झाडून, चुना लावून झालेल्या असतात, मग पहाटे मेणबत्त्या, झेंडूची फुलं आणि पेटी-तबल्यावर गाणी. लहानपणापासून जातोय, पण बाबांच्या कबरीपाशी उभं राहायची ही पहिलीच वेळ. पाळकसाहेब म्हणाले "प्रभू उठला आहे", सगळे म्हणाले "खरोखर उठला आहे", आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

बाबा गेले नोव्हेंबरमध्ये. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी आई म्हणाली जरा थांबा, आणि बाबांचा इस्त्रीचा रुमाल तिने काढला, पांढरा, निळ्या काठाचा, चौघडी घातलेला. तो उलगडून तिने त्यांच्या तोंडावर टाकला, कानापाशी दोन्हीकडून नीट खोचला आणि म्हणाली "डोळ्यात माती नको जायला". वरून लाकडी झाकण येणार हे तिला दिसत होतंच की. कोणी काही बोललं नाही. मग खड्ड्यात पेटी उतरवली, "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" झालं आणि आम्ही तीन तीन मुठी माती टाकली. पहिल्या मुठीचा फळीवर जो पोकळ आवाज होतो ना, तो मला पाच महिने ऐकू येतोय. नंतर फावड्याने मातीवर माती पडायला लागली की आवाज येत नाही.

तेव्हापासून विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही उपासनेत म्हणतो ती श्रद्धेची कबुली, म्हणताना मी येशूबद्दलच्या एकाच जागी अडकतो. "मेला व पुरला गेला." मेला म्हटल्यावर पुरला गेला वेगळं कशाला सांगायचं? पण प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला पत्रात, म्हणजे इ.स. 55 च्या आसपास, हेच तीन टप्पे लिहिले की ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. मधला टप्पा त्याने गाळला नाही. आम्ही मात्र गाळतो असं मला आता वाटतं, गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तीन तास बसतो, रविवारी पहाटे कबरस्तान, आणि मधला शनिवार डेकोरेशन आणि क्वायर प्रॅक्टिसमध्ये जातो. ज्यांच्या घरात नुकतीच माती झालीय त्यांना तो शनिवार कळतो. थडग्याच्या तोंडावर दगड लोटलाय, शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस आहे, काही करता येत नाही, बसून राहायचं.

आमच्या शेजारच्या काकू हिंदू आहेत, त्यांनी बाबांच्या वेळी आमच्या घरात आठवडाभर डबा दिला. परवा आईशी बोलता बोलता त्यांनी विचारलं की तुमच्या बायबलमधल्या त्या बायका रविवारी येशूच्या थडग्याकडे कशाला गेल्या होत्या. आई म्हणाली सुगंधी द्रव्यं लावायला, शुक्रवारी घाईत राहिलं होतं. काकू पटकन म्हणाल्या, "म्हणजे तिसऱ्याला गेल्या, सावडायला." मी ऐकून गप्पच झालो. इतकी वर्षं उपदेश ऐकतोय पण हे असं कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं, की त्या बाया गोळा करायला गेल्या होत्या, आपल्या माणसाचं जे काही उरलं असेल त्याची शेवटची सेवा करायला, आणि तिथे उरलेलं काहीच सापडलं नाही.

सापडलं ते कापड. काल योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय वाचला, येशूचा शिष्य पेत्र थडग्याच्या आत जातो, तागाची वस्त्रं पडलेली, आणि डोक्याला होता तो रुमाल त्यांच्याबरोबर नाही, वेगळा गुंडाळून एकीकडे ठेवलेला. मी आईकडे बघितलं, तिने माझा हात धरला. येशूने मरणातून उठवलेला लाजर थडग्याबाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर रुमाल तसाच होता, दुसऱ्यांना सोडवावं लागलं, कारण तो परत याच जगण्यात आला होता, पुन्हा एकदा मरणार होता. येशूचा रुमाल तिथेच राहिला, त्याला तो परत लागणार नव्हता. मला हा फरक काल पहिल्यांदा समजला, पुनरुत्थान म्हणजे मागे येणं नाही, मरणातून पलीकडे निघणं.

पण पलीकडे म्हणजे शरीर टाकून नव्हे, आणि यावर माझा जीव अडकलाय. लोक म्हणतात आत्मा महत्त्वाचा, शरीर काय कपडे. आमचा विश्वास तसा नाही. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. बाबांच्या डाव्या हाताचं बोट कडबा कुट्टीत सापडून वाकडं झालेलं, त्याच बोटाने ते वाचताना बायबलच्या ओळी धरायचे. ते बोट देवाला ओळखू येईल असं मी धरून चाललोय. यासाठी पुरलंच पाहिजे असं नाही, कॅथलिक चर्चनेही 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. इ.स. 177 मध्ये फ्रान्समधल्या लियोनला तर ख्रिस्ती लोकांना मारून, जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकली होती, का तर यांना पुन्हा उठायची आशाच राहू नये. मंडळीने आशा सोडली नाही. देवाला नदीतूनही हाक मारता येते. पण ज्याला हाक येणार आहे त्याला आपण आपल्या हातांनी, तोंड झाकून, नीट निजवतो. आईने तो रुमाल खोचला ते मला आता वेडेपणाचं वाटत नाही.

उपासना संपल्यावर उजाडलं. बाबांच्या कबरीवरची माती एका बाजूने खचलीय. गवंडी तिथेच होता, त्याला विचारलं ओटा कधी बांधून देतो. तो म्हणाला आत्ता नको, तडे जातील, एक पावसाळा जाऊ द्या, माती बसू द्या. आईने खाली वाकून दोन ढेकळं फोडली, खचलेल्या जागी हाताने सारखी केली आणि म्हणाली, बरं, थांबू.