आमची वाटचाल : कुपवाडच्या कारखान्यांचे विकी सर्व्हर

आमची फर्म सांगलीची. सुरुवात संगणक दुरुस्ती, नेटवर्क केबलिंग आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) अशी नेहमीच्या वाटेने झाली. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, तासगाव भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, मिरजेतली लहान हॉस्पिटलं हे आमचे गिऱ्हाईक. सगळीकडे दुखणं एकच होतं. कामाच्या सूचना वर्डच्या फायलींत, फायली शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि नावं 'फायनल', 'फायनल 2', 'नवीन फायनल साहेब'. आयएसओ 9001 च्या ऑडिटरने चालू आवृत्ती कोणती म्हणून विचारलं की शोधाशोध सुरू. त्यातून विकीची, म्हणजे ब्राउझरमधून सगळ्यांनी मिळून लिहायच्या आणि आवृत्त्या जपणाऱ्या पानांची, कामं येऊ लागली आणि आज फर्मचा मोठा भाग त्यावरच चालतो.

पहिल्या काळात विकी थेट सर्व्हरवर बसवायचा रिवाज होता. टॉमकॅट (विकी ज्यावर चालतो तो वेब सर्व्हर), जावा, डेटाबेस सगळं एकाच यंत्रात, आणि शेजारी त्याच यंत्रावर ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर). ईआरपीला जावा 8 लागायचं. एक्सविकी हा ओपन सोर्स विकी 16 व्या मालिकेपासून जावा 17 च्या खाली चालत नाही. एकाला अपडेट केलं की दुसरा बसला. प्रत्येक प्रोग्राम त्याच्या साहित्यासकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा डॉकर 2013 सालापासून आहे, पण आमच्याकडे त्याचं महत्त्व पटलं ते या भांडणामुळे. कंटेनरमध्ये ज्याचं जावा त्याच्यापाशी राहतं. पुढे कॉन्फ्लुअन्स हा विकी बनवणाऱ्या ॲटलासियनने 2 फेब्रुवारी 2021 पासून सर्व्हर प्रकारच्या नव्या परवान्यांची विक्री थांबवली आणि 15 फेब्रुवारी 2024 ला त्या प्रकाराचा सपोर्ट संपला. कॉन्फ्लुअन्स स्वतःच्या यंत्रावर चालवणाऱ्यांना क्लाउड, महागडा 'डेटा सेंटर' परवाना किंवा ओपन सोर्स यांतून निवड करावी लागली. पन्नास-साठ माणसांच्या कारखान्याने ओपन सोर्स निवडलं यात नवल नाही.

विकी कोणता, हे आम्ही गिऱ्हाइकाच्या आकारावरून ठरवतो. दहाबारा माणसांचं ऑफिस असेल तर डोकुविकी. त्याला डेटाबेसच नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर फाईल, फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरला बुकस्टॅक पटकन समजतो, कारण शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान ही मांडणी शिकवावी लागत नाही. मंजुरी, विभागवार हक्क आणि वर्डच्या ढीगभर फायली आत घ्यायच्या असतील तर एक्सविकी. पुढचं बरंचसं एक्सविकीबद्दल आहे, कारण बिघडायला जागाही त्यातच जास्त.

यंत्र 8 जीबी रॅमचं चालतं, 16 असेल तर निवांत. एसएसडी हवीच. कंटेनर तीन: एक्सविकी, पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत देणारा वेब सर्व्हर). जावाच्या हीपला (प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीला) 2 जीबी आणि कंटेनरची मर्यादा 3 जीबी असा हिशेब आम्ही धरतो. दोन्ही आकडे सारखे ठेवले तर जावाच्या हीपबाहेरच्या गरजांना (मेटास्पेस, थ्रेड) जागा उरत नाही, कर्नल प्रक्रिया मारून टाकतो आणि लॉगमध्ये कारण न देता कंटेनर 137 कोड दाखवून पडतो. 137 म्हणजे 128 अधिक मारण्याच्या सिग्नलचा क्रमांक 9, अर्थात सक्तीने मारलेला. हीपचा आकडा दिलाच नाही तर जावा आपण होऊन मर्यादेचा चौथा हिस्सा घेतं, म्हणजे 3 जीबीत जेमतेम 750 एमबी, आणि सकाळी सगळे एकदम लॉगिन झाले की विकी रांगायला लागतो.

कंपोज फाईलमध्ये (सगळ्या कंटेनरची मांडणी लिहिलेली फाईल) पोर्ट नुसतं 8080 असं उघडू नये. डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यूने (त्याच फायरवॉलचं सोपं साधन) बंद केलेलं पोर्टसुद्धा बाहेरून उघडं राहतं. आधी 127.0.0.1 लावलं की ते फक्त यंत्राच्या आत दिसतं आणि बाहेरचा माणूस एनजिनएक्समधूनच येतो. एनजिनएक्सची अपलोड मर्यादा मुळात 1 एमबी असते. ड्रॉइंगची पीडीएफ चढवली की 413 चा एरर येतो आणि गिऱ्हाईक विकीला नावं ठेवतं. आम्ही ती 100 एमबी करतो. दोघांना एकाच वेळी एक पान लिहिता यावं म्हणून वेबसॉकेटचे (ब्राउझर आणि सर्व्हरमधली उघडी राहणारी जोडणी) अपग्रेड हेडरही तिथेच द्यावे लागतात.

डेटाबेस तयार व्हायच्या आत विकी उठला तर तो चुकीचा पवित्रा घेऊन बसतो. कंपोज फाईलमध्ये 'डिपेंड्स ऑन' एवढं लिहून भागत नाही. त्याने फक्त कंटेनर सुरू होण्याचा क्रम लागतो. पोस्टग्रेसला 'पीजी इज रेडी'चा हेल्थचेक (तयार आहे का हे विचारणारी तपासणी) लावून तो निरोगी झाल्यावरच विकी सुरू होईल अशी अट घालावी. आणखी एक गंमत पासवर्डची. पोस्टग्रेसचा पासवर्ड कंपोजच्या एन्व्हायर्नमेंट फाईलमधून फक्त पहिल्या वेळी, डेटा फोल्डर रिकामा असतानाच वाचला जातो. नंतर फाईलमध्ये बदलला तर विकीकडे नवा, डेटाबेसकडे जुना, आणि लॉगिन बंद. बदल डेटाबेसच्या आत जाऊन करायचा असतो.

लॉगचं दुर्लक्ष सगळीकडे आढळतं. डॉकरच्या मूळ मांडणीत लॉग फिरवला जात नाही, फाईल वाढतच राहते आणि एक दिवस डिस्क भरून पोस्टग्रेस लिहिणं थांबवतो. 10 एमबीच्या तीन फायली पुरेशा.

कंटेनर हा केव्हाही टाकून द्यायचा, व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा राहतो ती जागा) जपायचं. हे वाक्य आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, कारण 'कंपोज डाउन'च्या पुढे हायफन व्ही लावला की व्हॉल्यूमही जातं आणि यंत्र विचारतही नाही. एक्सविकीचं 'यूएसआर/लोकल/एक्सविकी' आणि पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर या दोघांना नाव दिलेली व्हॉल्यूम हवीत. नाव दिलं नाही तर डॉकर आकडे-अक्षरांच्या 64 चिन्हांचं निरर्थक नाव देऊन व्हॉल्यूम बनवतो. पुढे साफसफाईत ते कचरा समजून उडवलं जातं.

एक्सविकीची ॲटॅचमेंट डिस्कवर असतात आणि पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये. त्यामुळे बॅकअप दोन्हींचा लागतो आणि क्रमही महत्त्वाचा. आधी डेटाबेस, मग फायली. मधल्या मिनिटात कुणी ॲटॅचमेंट चढवलं तर फायलींत एक जास्तीची फाईल येते, तिने काही बिघडत नाही. उलट क्रमाने घेतलं तर डेटाबेसमध्ये नोंद आहे आणि फाईलच नाही, अशी पानं तयार होतात.

रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) हमखास होणारी चूक अशी. टर्मिनलवर बसून केलेली आज्ञा तशीच उचलून क्रॉनमध्ये टाकली जाते. तिच्यात टीटीवाय, म्हणजे टर्मिनल, मागणारा 'हायफन आयटी' पर्याय असतो, क्रॉनकडे टर्मिनल नसतं, आज्ञा लगेच पडते. पण निकाल फाईलमध्ये वळवणाऱ्या बाणाच्या चिन्हामुळे फाईल मात्र आधीच बनलेली असते. रोज तारखेवार फाईल तयार, आकार शून्य. टीटीवाय कसंबसं मिळालं तर आणखी वाईट, कारण ओळीच्या शेवटच्या खुणा बदलतात आणि कस्टम फॉरमॅटचा डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) उघडत नाही. कंपोजमध्ये कॅपिटल टी देऊन टीटीवाय बंद करावं, डंप संपल्यावर आकार तपासावा आणि कालच्यापेक्षा खूपच लहान असेल तर मेल यावी. महिन्यातून एकदा तो डंप दुसऱ्या यंत्रावर उघडून तीन ठरलेली पानं आणि एक ॲटॅचमेंट पाहिल्याशिवाय आम्ही एएमसीच्या शीटवर सही करत नाही.

बॅकअपबरोबर इमेजची (ज्यातून कंटेनर बनतो तो साचा) टार फाईल, कंपोज फाईल आणि एन्व्हायर्नमेंट फाईलही जाते. नेट बंद असताना नवं यंत्र उभं करायची वेळ आली तर इमेज कुठून आणणार? बुकस्टॅक असेल तर त्याची 'ॲप की' हरवू नये. एन्क्रिप्ट होऊन साठलेली माहिती तिच्याशिवाय उघडत नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर सांगलीत कुणाला दुसऱ्या प्रतीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. गावभागात किंवा नदीकाठच्या पेठेत ऑफिस असेल तर एक प्रत कुपवाडसारख्या उंच भागात आणि एक जिल्ह्याबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये, एन्क्रिप्ट करून. इशारा पातळीची बातमी आली की सर्व्हर बंद करून वरच्या मजल्यावर न्यायचा, आणि तोवर बाहेरच्या प्रतीवरून विकी फक्त वाचण्यापुरता चालू ठेवायचा.

वीज जाण्याचा प्रश्न पुरापेक्षा रोजचा. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की तारा पडतात. यूपीएसला यूएसबी नसेल तर सर्व्हरला वीज गेल्याचं कळत नाही आणि बॅटरी संपल्यावर तो धाडकन बंद होतो. यूएसबीचा यूपीएस आणि नेटवर्क यूपीएस टूल्स लावून, बॅटरी खाली गेली की आधी 'कंपोज स्टॉप' आणि मग यंत्र बंद, अशी स्क्रिप्ट ठेवतो. डॉकर थांबायला सांगून 10 सेकंदांत मारतो. जावाला शोधाचा इंडेक्स नीट बंद करायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून मुदत 60 सेकंद करावी.

मराठीचे प्रश्न परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. जुन्या वर्ड फायली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमधल्या असतात. एक्सविकी लिबरऑफिसच्या मदतीने त्या आत घेतो, पण पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण मुळात ते युनिकोड नाहीच. आधी कन्व्हर्टर, मग माणसाकडून वाचन. रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आहेत का हे पाहावंच लागतं.

मायएसक्यूएल डेटाबेसवर 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' आली की मराठीला दोष दिला जातो. देवनागरीचं अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-8 साठवणीत 3 बाइटचं असतं, रुपयाचं चिन्हही 3 बाइटचंच. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ8' मध्ये दोन्ही बसतात. बसत नाही तो व्हॉट्सॲपवरून चिकटवलेला 4 बाइटचा इमोजी. डेटाबेस 'यूटीएफ8एमबी4' केला की प्रश्न मिटतो.

डोकुविकीत वेगळीच अडचण. पानाच्या नावातून फाईलचं नाव बनतं आणि मूळ पद्धतीत प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे एका देवनागरी चिन्हाला 9. लिनक्सवर फाईलचं नाव 255 बाइटपर्यंत चालतं, तेव्हा '.टीएक्सटी' वगळून 27 चिन्हांत खेळ खलास, काना-मात्रा वेगळे मोजून. 'इंडक्शन भट्टीचे अस्तर बदलण्याची पद्धत' हे त्यात मावत नाही. नावाची साठवण यूटीएफ-8 वर नेली की तिप्पट जागा मिळते. ही निवड पहिलं पान लिहायच्या आधी करावी; नंतर बदलली तर जुनी पानं सापडत नाहीत.

शोधात 'दुसऱ्या' हा शब्द कधी मिळतो, कधी नाही. एका कीबोर्डवरून 'ऱ' स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन शब्द. आत घेतानाच सगळं एका रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट आम्ही चालवतो. विभक्तीचा उपाय मात्र स्क्रिप्टने होत नाही: 'भट्टी' शोधल्यावर 'भट्ट्यांचे' येत नाही, म्हणून प्रत्येक पानाला मूळ शब्दाचे टॅग लावायची शिस्त लावतो.

पीडीएफ काढल्यावर मराठीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. एक्सविकीची नवी पीडीएफ सोय क्रोम वापरते. ते आम्ही वेगळ्या कंटेनरमध्ये, 9222 पोर्टवर चालवतो, तेव्हा लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्टही त्याच कंटेनरच्या इमेजमध्ये बांधावा लागतो. विकीच्या कंटेनरमध्ये टाकून उपयोग नाही, आणि चालू कंटेनरमध्ये शिरून टाकला तर पुढच्या अपडेटला गायब.

वेळेचंही पाहावं. कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, साडेपाच तास मागे. पहाटे 5 ला रात्रपाळीच्या सुपरवायझरने केलेली नोंद आदल्या तारखेला पडते आणि ऑडिटमध्ये तेवढंच विचारलं जातं. टाइमझोन आशिया/कोलकाता, जावालाही तोच.

सध्या हातात काम आहे ते पोस्टग्रेस 18 वर जाण्याचं. मोठी आवृत्ती बदलली की जुनं डेटा फोल्डर चालत नाही. आम्ही जुन्यातून डंप काढून नव्यात भरतो. इमेजच्या आवृत्तीला 'लेटेस्ट' टॅग ठेवणाऱ्यांना हे एखाद्या सकाळी अचानक कळतं, म्हणून टॅगमध्ये आकडा लिहायचाच. शिवाय 18 च्या इमेजने व्हॉल्यूमची जागा 'डेटा' या आतल्या फोल्डरवरून एक पायरी वर नेली आहे, जुना मार्ग तसाच ठेवून भागणार नाही. डेबियनची इमेज सोडून अल्पाइन घ्यायचा मोहही टाळतो: दोघांची अक्षरक्रम लावायची लायब्ररी वेगळी, आणि तेच डेटा फोल्डर तिकडे जोडलं तर मराठी शीर्षकांचे इंडेक्स चुकतात. फाउंड्र्या दिवाळीत बंद असतात, तेव्हा एकेका गिऱ्हाइकाकडे हे उरकायचं ठरलंय. जुनं व्हॉल्यूम नवीन वर्षाच्या पहिल्या ऑडिटपर्यंत हलवायचं नाही.